विश्रामबागेत मेंढरं बसली

दिवाळसणाला सासरवाडीला निघालो तवा वाटलं व्हतं, परत येताना एस्टीत दोन शिटा लागणार. एक माझी, एक बायकोची, आन टपावर तिची ट्रंक. उन्हाळ्यात आमचं लगीन झालं. आखाड लागला तशी नव्या नवरीला रीतीपरमाणं म्हायेरी नेली, आन ती तिथंच ऱ्हायली. तिला यायचं व्हतं, मला आणायची व्हती, पण दोघांच्या मधी माझं सासरं उभं व्हतं. सासरं म्हंजे पलटणीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस. खटावकडं घर. घरात कोंबडी बी लाईनीत चालती.

त्यांची नक्कल मी लय झ्याक करतो. छाती म्होरं, हनवटी आत, आन आवाज काढायचा बेंबीपासनं.

"जावईबापू! क्वार्टर मिळालं का, क्वार्टर?"

"हुडकतोय, मामा."

"हुडकतोय बोले तो? मिळालं का न्हाई, एक बात सांगा."

"न्हाई, मामा."

"मंग पोरगी हितंच. सातवी पास हाय ती. उघड्या रानात तुमच्या तळावर मेंढरांच्या मागं फिरायला मी दिली न्हाई तिला. चार भिती, वर छप्पर, आन आतनं कडी लागंल असलं दार. हे दाखवा आन घिऊन जावा. डिसमिस!"

डिसमिस म्हणलं की आपण हलायचं असतं. मी हललो. वाटंला लागताना बायको गोठ्याच्या कुडाआडनं म्हणाली, "लवकर बगा की वो कायतरी. हितं रोज पहाटं उठून आंगण झाडायची परेड असती. झाडून झालं की तपासणी."

मी म्हणलं, "आधी क्वार्टर, मंग प्रेम. डिसमिस!"

ती पदर तोंडात कोंबून हसली, आन आतनं मामा खाकरलं. तसा मी बांधावरनंच सुटलो.

आता आमचं सांगतो. आमी कवठे महांकाळकडची, मेंढरांच्या मागं हिंडणारी माणसं. पावसाळ्यात गावाकडं चार पत्र्याखाली ऱ्हायचं, आन दिवाळी झाली की आण्णा, आय, थोरला भाऊ मेंढरं घिऊन नदीकडच्या रानात निघायचं. मी बोर्डिंगात ऱ्हाऊन मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो, आन सांगलीत विश्रामबागंला एका हाफिसात चिकटलो. ऱ्हायला मातूर आमी सहा पोरं एका खोलीत. खाटा तीन. रातपाळीवाला उठला की त्याच्या ऊबंत आपण शिरायचं. असल्या खाटंवर बायको आणून कुठं ठेवायची? उशाला का पायथ्याला?

सांगलीत खोल्या नव्हत्या असं न्हाई. कालेजं वाढली, कारखानं निघालं, बाहिरनं माणसं आली, तशी जिन्याखालची जागा बी खोली म्हणून भाड्यानं जायला लागली. मी हाफिस सुटलं की सायकल काढायचो आन 'भाड्याने देणे' दिसंल तिथं उतरायचो. एका दारात जावं, तर बाई नाकातनं बोलायची (हे बोट नाकाला लावून वाचा): "खोली आहे हो, पण पाणी आमचं भरून झाल्यावर, दिवा नवाला बंद, आणि कांदा-लसणाचा वास आला तर मला चक्कर येते." एक येपारी नुसताच डिपॉझिटचा आकडा सांगायचा आन सुपारी कातरत माझ्याकडं बघायचा. माझा चेहरा उतरला की त्याला लय बरं वाटायचं. मिरजंला एक मालक कानडीकडचा. त्यो लय गोड बोलला, चहा बी पाजला, आन शेवटाला म्हणला, "हे बघा रीऽ, एकट्या पोराला आम्ही जागा देत न्हाई रीऽ. बायको घेऊन या. बायको दिसली की किल्ली देतो, बघा."

सगळीकडनं फिरून गाडी तिथंच यायची. मालक म्हणायचे, आधी बायको दाखव, मंग खोली. मामा म्हणायचे, आधी खोली दाखव, मंग बायको. मी दोघांच्या मधी सायकल मारत बसलो व्हतो.

आन मंग एक दिवस घावली! हाफिसाम्होरच्या चहावाल्यानं सांगितलं, "आरं गड्या, त्या रिटायर सायबाचा नवा बंगला बघितलास का? बंगल्याच्या म्हागं खोली हाय. बांधकामाचं सिमेंट ठेवायला बांधलेली. आता रिकामी पडलीया."

चहा अर्धा टाकून सुटलो.

तवा विश्रामबागंत बंगलं तुरळक. मधी मोकळी रानं, बाभळी. सायेब अर्धी चड्डी घालून आवारात पाणी घालत व्हते. कशाला? तर गुलाबाला. गुलाब म्हंजे काय, नुसत्या काटक्या. आवारात सगळी मुरमाची भर, तिच्यात वीटंचं तुकडं, आन त्या काटक्यास्नी सायेब झारीनं पाणी घालतायत, आन वर म्हणतायत, "प्या रे, प्या."

मी म्हणलं, ह्यो माणूस चांगला असणार.

खोली बघितली. सिमेंटाची धूळ, जाळी, आन कोपऱ्यात एक पोतं पाण्यानं भिजून दगड झालेलं, जमिनीला चिकटलेलं. पण भिती चार! वर पत्रा! दाराला आतनं कडी! मी त्या कडीला हात लावला, वर खाली केली. खट्ट, खट्ट. मंग तसलाच आवाज मी गळ्यातनं काढला. सायेब दचकून मागं बघाय लागले.

"लग्न झालंय म्हणता?" सायबानी चष्म्यावरनं बघितलं.

"व्हय सायेब. आवंदाच्या उन्हाळ्यात."

"मग मंडळी कुठं आहेत?"

"म्हायेरी."

"सगळे असंच म्हणतात." मंग त्येनी भाडं सांगितलं. ते ऐकून माझ्या डोक्यात टायपरायटरची ओळ संपल्यावानी घंटी वाजली. निम्मा पगार गेला! बायको आणली असती, पण तिला जेवाय घातलं नसतं. माझं तोंड बघून सायेब जरा नरमले. "असं करा, रविवारी घरातलं वडीलधारं कुणी घेऊन या. मी माणसं बघून ठरवतो. भाड्याचंही तेव्हा बोलू."

वडीलधारं म्हंजे आण्णा. त्यांचा तळ तवा बुधगावच्या शिवारात. हाफिसातला शिपाई बुधगावचा, त्येच्याकडं निरोप दिला: 'विश्रामबागंत एका सायबाच्या जागेत ऱ्हायचं ठरवायचंय. सायेब म्हणत्यात, मोठं माणूस बोलायला पायजे. रविवारी सकाळी या.'

हितं मी एक गोष्ट इसरलो. आमच्या माणसांत जागेत ऱ्हायचं ठरवणं म्हंजे काय? शेतकरी बलवणं धाडतो, 'आवं, आमच्या रानात दोन राती मेंढरं बसवा.' मेंढरं रातभर बसली की लेंड्या पडत्यात, मूत मुरतं, रान सुधारतं. त्येच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. आमच्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जागेत ऱ्हायल्या, आन जागेवाल्यानंच त्येंना दिलं. जागेत ऱ्हायचं आन वर आपणच पैसं मोजायचं, ही सांगलीची तऱ्हा आण्णास्नी कुणी सांगितलीच नव्हती. मला बी सांगायचं सुचलं न्हाई.

रविवारी मी इस्तरीची कापडं घालून सायबाच्या फाटकाशी उभा. सायेब आन बाई वऱ्हांड्यात. बाईनी चहाची कपबशी बी तयार ठेवली व्हती, एक. तेवढ्यात कोपऱ्यावरनं घंटा वाजली. मंग दुसरी. मंग धूळ. मंग सगळी गल्लीच हलत हलत आमच्याकडं याय लागली! म्होरं आण्णा, लाल पटका, खांद्यावर घोंगडं. मागं मेंढरं, मेंढरांच्या मागं भाऊ, त्येच्या मागं सगळा संसार लादलेलं घोडं, घोड्याशेजारी आय, आन दोन कुत्री. मधीच एका प्रोफेसरांची स्कूटर अडकली व्हती आन ते मेंढरांनाच हॉर्न मारत व्हते.

"हे... हे काय आहे?" सायेब म्हणाले.

"माझे वडील."

"ह्यातले कुठले?"

आण्णांनी फाटकातनं आत नजर टाकली, सगळं आवार डोळ्यांनी मापलं आन रामराम घातला. "रामराम सायेब. जागा बरी हाय. किती राती म्हणता?"

"राती? मी वर्षाच्या बोलीवर देतो."

"वरीसभर!" आण्णा हबकलं. "एका जाग्याला? जमीन जळून जाईल की वो. दोन राती बास."

सायेब माझ्याकडं बघाय लागले.  "बरं, राहणार किती जण?"

"माणसं आमी तिघं, कुत्री दोन, घोडं एक, आन बाकी ही दोनशेच्या आतबाहेर."

"अहोऽ," बाई आतनं ओरडल्या, "घोडं म्हणतायत ते, घोडं!"

"आन तुमी काय देणार, ते बी बोला," आण्णा म्हणाले. "मागनं किरकिर नगं."

"मी देणार? अहो, भाडं तुम्ही द्यायचं!"

आण्णा माझ्याकडं वळलं आन बारीक आवाजात, म्हंजे निम्म्या विश्रामबागंला ऐकू जाईल एवढ्या, म्हणाले, "पोरा, सायेब चांगला दिसतोय, पण डोस्कं ठिकाणावर न्हाई रं. मेंढरं बी आपलीच बसवायची आन दाणं बी आपुनच घालायचं?"

आता मधी पडणं भाग व्हतं. मी धावलो. पण घाबरलो की माझी एक खोड हाय, ज्याच्याकडं बघतो त्येचाच आवाज माझ्या तोंडातनं निघतो. त्या दिवशी त्येच्याही पलीकडं गेलं, सगळी अदलाबदल झाली. आण्णांकडं वळून मी सायबाच्या आवाजात म्हणलं, "हे पहा, इथं भाडं देण्याची पद्धत आहे." आन सायबाकडं वळून आण्णांच्या आवाजात, "आवं सायेब, आमच्यात जागेवाला दाणं देतो, मेंढरं खत देत्यात, असा येव्हार हाय, तवा रागवू नगा."

 आण्णा माझ्याकडं बघतायत, ह्ये पोरगं सांगलीत येऊन असं कसं बोलाय लागलं म्हणून. आन सायेब...

सायेब काटक्यांकडं बघत व्हते.

"म्हणजे," ते हळू म्हणाले, "लेंडीखत? ताजं? सगळ्या आवारात?"

"सगळ्या आवारात," मी म्हणलं.

"मी पोत्यानं विकत आणतो हो ते! निम्मी त्यात मातीच असते!" सायबानी झारी खाली ठेवली. त्यांचा चेहरा फुलबाजीवानी उजळला. "अहो, ऐकलंत का? फाटक उघडा! दोन्ही दारं उघडा!"

"आणि घोडं?" बाई म्हणाल्या.

"घोडंसुद्धा!"

मंग वऱ्हांड्यात बैठक बसली. आण्णा खुर्चीवर बसंनात, खाली घोंगडं टाकून बसले. म्हणून सायेब बी खाली बसले. दोन राती मेंढरं बसणार, आन खोलीचं भाडं निम्म्यावर येणार. मला तिथंच नाचावं वाटलं. पण आण्णांचं समाधान हुईना. "ते भाडंबिडं तुमचं तुमी बगा. दाण्याशिवाय मेंढरं बसलेली म्या कधी ऐकली न्हाईत. शेरभर तरी पायजे. रीत हाय."

बाई आत गेल्या आन सूपभर गहू घिऊन आल्या. वर दिवाळीतला उरलेला चिवडा. आयनं पदर पसरून घेतलं आन बाईंच्याकडं बघून म्हणली, "बाई, सूनबाई यील तवा तिला जरा सांभाळा. घराची सवय हाय तिला, पोराला न्हाई." तवा बाईंची भीती गेली. तशा त्या घोड्याला बी गूळ घालून आल्या.

दिवस मावळतीला आवारात वाघर लागली. वाघर म्हंजे मेंढरं आत ठेवायची जाळी. अख्ख्या कॉलनीतली पोरं तिला लोंबकळाय लागली. मी पोरांम्होरं मेंढराचा आवाज काढला, आन आतनं एक म्हातारी मेंढी मला उत्तर देत ऱ्हायली, थांबंचना. पोरांनी तर मला उचलूनच घेतलं. सकाळी उजाडताना त्या स्कूटरवाल्या प्रोफेसरांनी कुंपणावरनं मान वर काढली. मी म्हणलं, आता तक्रार आली.

"ऐका," प्रोफेसर म्हणाले, "रात्रभर झोप नाही."

"चुकलं, सायेब."

"ते असू दे. आमच्या आवारात कधी बसवाल?"

त्येंच्या मागनं समोरच्या बंगल्यातल्या डाक्टरीणबाई. त्येंच्या मागनं कोपऱ्यावरचं वकील, त्यांचा आंबा म्हणं वाढंना. आण्णा मिशीला पीळ देत एकेकाला राती वाटून देत व्हते, आन पदरात दाणं पडत व्हतं. मधीच मला बाजूला घेतलं. "पोरा, हितं तर माणसं रांगा लावून आपल्याला ऱ्हावा म्हणत्यात, आन तू एवढं दिस खोली हुडकतूयास व्हय रं? तुझ्या शिक्षणाला काय जाळायचंय?"

मी वकिलांच्या दाण्याला पोतं धरलं. 

मेंढरं पुढं गेली आन मी खोलीला भिडलो. जाळी काढली, चुना मारला, निम्मा भितीला आन निम्मा मला. ते दगड झालेलं पोतं पहारीनं बी हललं न्हाई. मंग त्येच्यावर घोंगडं टाकलं, झाली बैठक. एक स्टो घेतला, दोन पातेली. रोज कडी लावून बघायचो. मंग मामांना कार्ड टाकलं: क्वार्टर मिळालं, तपासणीला यावं. मेंढरांचं काय लिवलं न्हाई. ज्या मेंढरांपासनं त्यांना पोरगी लांब ठेवायची, त्याच मेंढरांनी खोली दिली, हे कार्डावर मावलं नसतं.

मामा आले. एकटेच. फाटकातच थांबले. नाक वर केलं, एकदा हुंगलं. 

ते आत आले. भितीवर बुक्की मारून बघितली. पत्र्याला काठी लावली. दार लावलं, कडी घातली, बाहिरनं मला ढकलाय लावलं. "पुरी ताकद!" आतनं ओरडले. मी पुरी ताकद लावली. कडी हलली न्हाई. मंग दार उघडून भाईर आले, वाकून आवारातली चिमूटभर माती उचलली आन बोटात चुरडली.

"मेंढरं बसली व्हती हितं."

"व्हय, मामा."

"कुणाची?"

"आमच्या आण्णांची."

मामा काय बोलंनात. मला त्यांचा प्रत्येक आवाज येतो, रागाचा, हुकमाचा, खोकल्याचा. पण ह्या गप बसण्याची नक्कल मला आजून जमलेली न्हाई. माझ्या डोळ्याम्होरनं ट्रंक परत खटावला निघाली.

"किती राती?" मामांनी विचारलं.

"दोन."

"भाडं किती तुटलं?"

"निम्मं."

"किती दिसांसाठी?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे! आवंदा निम्मं, आन पुढल्या साली? सायेब म्हणला पुरं दे, तर काय करशील? जबान घेतली का?"

मी मान हलवली. घेतली नव्हती.

"बेवकूफ!" मामा वळले आन थेट बंगल्याच्या वऱ्हांड्याकडं चालाय लागले, एक दोन, एक दोन. मी मागनं पळत. सायेब गुलाबाला माती लावत व्हते. मामांनी टाच जुळवली. "सायेब, म्या भरती व्हायच्या आधी मेंढरंच राखलीत. एका दिवाळीला बसवून जमीन धरत न्हाई. दरसाल बसवाय पायजेत. दर दिवाळीनंतर ह्येचा बाप यील, दोन राती. आन जोवर मेंढरं येतील तोवर भाडं वाढणार न्हाई. मंजूर?"

सायबांनी मातीचा हात धोतरालाच पुसला. बाहिर जायचं म्हणून नेसलेलं नवं धोतर व्हतं त्ये. "मंजूर! दर वर्षी येतील ना पण? नक्की?"

"आमची माणसं वाट चुकत न्हाईत," मामा म्हणाले.

आमची! मला वाटलं, कानच फुटलं माझं.

मंग मामा माझ्याकडं वळले. आवाज तोच, बेंबीपासनंचा. "बघत काय ऱ्हायलाय? पोरगी स्टँडवर बसलीया. तिच्या आईसंग. ट्रंक बी हाय. टांगा करा. डिसमिस!"

मी सायकलनं स्टँड गाठला ते कुठल्या रस्त्यानं, मला आठवत न्हाई. वाटंत एका म्हशीला 'बाजूला व्हा रीऽ' म्हणलं एवढं आठवतंय. बायको बाकड्यावर बसली व्हती, मांडीवर भडंगाची पुडी, पाय ट्रंकंवर. मला बघून उठली.

"मिळाली?"

"मिळाली."

"खरं? का कुणाची नक्कल करताय?"

"आईची आन. कडी बी हाय."

ती तिच्या आईला काय न विचारताच टांग्यात चढली. मंग खाली उतरली, आईच्या पाया पडली, आन परत चढली. आई मामांची वाट बघत स्टँडवरच थांबणार व्हती. तिनं ट्रंक वर दिली आन डोळं पुसत पुसत मलाच दम भरला, "ए, गाडीवान, सावकाश!" गाडीवान म्हातारा मागं बसलेला, आन लगाम मी धरला व्हता. धीर धरवत नव्हता म्हणून.

खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या ती म्हणली, "आधी दूध उतू घालवायचं. नव्या घरात तसंच असतं." मालकीणबाईंनी भांडंभर दूध दिलं. मी स्टो पेटवला, चांगला दणकून पंप मारला. दोघं पातेल्यावर वाकून बसलो, आमी सिमेंटाच्या पोत्यावर, मामा दारात पाठमोरे, न बघितल्यासारखं करत. दूध हलंना. ती म्हणली, "बघत बसलं की येत न्हाई." म्हणून तिनं दाराकडं तोंड केलं, म्या बी केलं, आन तेवढ्यात फस्सऽ! सगळं दूध उतू! बर्नरवर, स्टोवर, फरशीवर, माझ्या एकुलत्या इस्तरीच्या पँटीवर. स्टो विझला. पत्र्याखाली असला धूर कोंडला की आमी तिघं बी खोकत खोकत भाईर.

"मुबारक!" मामा डोळं चोळत म्हणाले, आन हसले. पयल्यांदाच बघितलं मी त्यांना हसताना. दात एकदम लहान पोरासारखं.

स्टो त्या दिवशी परत पेटलाच न्हाई. बायकोनं भडंगाची पुडी सोडली, आमी आवारात खाली मांडी घातली, आन गुलाबांच्या शेजारी बसून खाल्लं. मागं दार उघडंच ऱ्हायलं व्हतं. धूर निघून जायला पायजे व्हता की.